ग्वाटेमालाला चौघे जा, पण ‘नाही तर कोणीच नाही’ हा नियम घरी ठेवून

प्रश्न : आम्ही चौघे इंजिनीअरिंगच्या दिवसांपासूनचे मित्र आहोत. एक मैत्रीण आता टेक्सासात नोकरी करते, एक मित्र पुण्यात चांगल्या हुद्द्यावर आहे, दुसऱ्याने काही महिन्यांपूर्वी नोकरी सोडली आहे आणि मी ठाण्यात एका बँकेत आहे. डिसेंबरच्या मध्यावर मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात भेटायचे आणि अठरा दिवस पाठीवर सॅक घेऊन फिरायचे, असे ठरले आहे. पुण्याच्या मित्राने तासातासाचा तक्ता तयार केला आहे. त्यात उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी आकातेनांगो या ज्वालामुखीवर मुक्कामी चढाई आहे आणि पुढे होंडुरास व एल साल्वाडोरही आहे. मला लहानपणापासून दमा आहे. ‘मी वर येणार नाही’ असे म्हटल्यावर ‘जायचे तर चौघांनी, नाही तर कोणीच नाही’ असे पूर्वीच ठरले होते, याची मला आठवण करून देण्यात आली. टेक्सासची मैत्रीण रोज नव्या हॉटेलांची माहिती पाठवते आणि नोकरी सोडलेला मित्र त्यावर एक अक्षर बोलत नाही. पैशांचा हिशेब माझ्याकडे आहे. मी शाकाहारी आहे. देशाचे नाव ऐकूनच आईला धडकी भरली आहे. या प्रवासात मैत्रीच मोडेल असे वाटते. वेळीच माघार घ्यावी का? — चौघांतली एक, ठाणे

उत्तर : माघार घेऊ नका. मात्र ‘चौघांनी, नाही तर कोणीच नाही’ हा नियम तिकिटे काढण्यापूर्वी मोडा आणि तो का मोडायचा हे चौघांच्या समोर स्पष्ट बोला. तुमच्या पत्रात चार निरनिराळ्या तक्रारी दिसतात, पण मला त्यांचे मूळ एकच वाटते. चौघांची ताकद वेगळी, खिसा वेगळा आणि सुट्टीकडून असलेली अपेक्षाही वेगळी आहे, आणि तरीही अठरा दिवस चौघांनी एकाच खोलीत झोपावे, एकाच डोंगरावर चढावे आणि एकाच ताटात जेवावे, असा हट्ट धरला गेला आहे. महाविद्यालयात असताना हे जमले, कारण तेव्हा कोणाच्याच खिशात काही नव्हते.

सुदैवाने तुम्ही निवडलेला देश काही दिवस वेगळे होऊन पुन्हा एकत्र येण्यासाठी फार सोयीचा आहे. ग्वाटेमालातली पाहण्याजोगी ठिकाणे तीन-चार मुक्कामांभोवती गोळा झालेली आहेत. आंतिग्वा हे जुने राजधानीचे शहर, आतित्लान सरोवराच्या काठची गावे, डोंगरातले लांकिन आणि उत्तरेच्या जंगलाजवळचे फ्लोरेस, ही ती ठिकाणे. यांपैकी पहिल्या दोन ठिकाणी एखाद्याने चार दिवस निवांत राहावे आणि बाकीच्यांनी बाहेर जाऊन परत यावे, असे सहज करता येते. पर्यटकांना एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी नेणाऱ्या छोट्या शटल गाड्या रोज सुटतात, त्यामुळे उद्या कोण कुठे असेल हे आदल्या संध्याकाळी ठरवले तरी चालते. डिसेंबरच्या उत्तरार्धाला मात्र हे लागू नाही. नाताळच्या आठवड्यात आंतिग्वातल्या खोल्या आधीच भरतात आणि दरही चढतात, म्हणून तेवढ्या रात्रींचे आरक्षण आताच करा.

आता आकातेनांगोविषयी, कारण तुमच्या भांडणाचा भडका तिथेच उडाला आहे. हा डोंगर ३,९७६ मीटर उंच आहे. चढाई ज्या ला सोलेदाद गावापासून सुरू होते ते गावच सुमारे २,४०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा (१,६४६ मीटर) कितीतरी वर आहे. रात्रीचा तळ सुमारे ३,६०० मीटरवर असतो आणि तिथे पोहोचेपर्यंत मोकळ्या राखेच्या व बारीक खड्यांच्या वाटेवर चार ते सहा तास जातात. पाऊल पुढे टाकावे आणि ते अर्धे मागे घसरावे, अशी ती वाट आहे. तुमच्या पुण्याच्या मित्राने सह्याद्रीतले पन्नास किल्ले पालथे घातले असतील, त्याचा दम आणि त्याच्या पोटऱ्या दोन्ही उत्तम असतील. परंतु विरळ हवेची सवय सह्याद्रीत होत नाही, कारण तिथे तेवढी उंचीच नाही. समुद्रसपाटीवरून विमानाने येऊन दुसऱ्याच रात्री ३,६०० मीटरवर झोपणे धडधाकट माणसालाही महागात पडू शकते. डोके ठणकणे, उलट्या होणे, झोप न लागणे ही त्याची सौम्य रूपे आहेत. डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्री पारा शून्याच्या खाली जातो आणि वाऱ्याने गारठा आणखी वाढतो. २०१७ च्या जानेवारीत याच डोंगरावर स्थानिक गिर्यारोहक थंडीने गारठून मृत्युमुखी पडले होते. ते त्याच देशाचे रहिवासी होते, हे ध्यानात घ्या.

दम्याच्या रुग्णाला यात थंड कोरडी हवा, चालताना उडणारी बारीक राख आणि शेजारच्या फुएगो ज्वालामुखीचा धूर यांचीही भर पडते. तेव्हा तुमचा नकार भित्रेपणाचा नसून शहाणपणाचा आहे, आणि तुमच्या छातीच्या डॉक्टरांनी तो लेखी दिला तर चर्चाच संपेल. पण इतरांनी जाऊ नये, असे मी म्हणणार नाही. आकातेनांगोच्या तळावरून समोर फुएगो दिसतो. तो जागा असेल तर दिवसा राखेचे लोट आणि रात्री लाल ठिणग्यांचे कारंजे अगदी समोर उडताना दिसते. तो शांत असेल तर काहीच दिसत नाही, आणि तो कोणाच्या सुट्टीचे वेळापत्रक पाहून जागा होत नाही. पुण्याच्या मित्राला हे पाहायचे आहे, तर त्याने ते जरूर पाहावे. फक्त ही चढाई दुसऱ्या दिवसाऐवजी दहाव्या-अकराव्या दिवशी ठेवावी, ला सोलेदादच्या स्थानिक वाटाड्यांबरोबरच जावे, आणि तळावरून पुढे फुएगोच्या धारेवर नेण्याचा जो जादा कार्यक्रम रात्री विकला जातो तो घेऊ नये. ३ जून २०१८ रोजी याच फुएगोच्या उद्रेकात सान मिगेल लोस लोतेस हे गाव तापलेल्या राखेखाली गाडले गेले आणि शेकडो माणसे गेली. ज्वालामुखीची दैनंदिन स्थिती तिथली सरकारी संस्था इन्सिवुमे जाहीर करते. चढाईच्या आदल्या दिवशी ती पाहिल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत. प्रवासविम्याचे कागदही नीट वाचा, कारण पुष्कळ विम्यांत ठरावीक उंचीच्या वरची गिर्यारोहणे वगळलेली असतात.

ज्या रात्री मित्र डोंगरावर असतील त्या रात्री तुम्ही आंतिग्वात राहा. १७७३ च्या भूकंपाने मोडलेली ही राजधानी नंतर इथून हलवली गेली. त्यामुळे छप्पर कोसळलेली चर्चे आणि मठ गावभर तसेच उभे राहिले आहेत आणि ते पाहण्यात दोन दिवस कसे जातात ते कळत नाही. फुएगो जागा असेल तर गावातल्या एखाद्या गच्चीवरूनही त्याचा धूर दिसतो. दुधाची तहान ताकावर भागवणे आहे हे खरे, पण हे ताक फार वाईट नाही. एक सूचना मात्र द्यायला हवी. २४ डिसेंबरच्या मध्यरात्री संपूर्ण देशात फटाक्यांचा असा वर्षाव होतो की आपली दिवाळी आठवावी. त्या रात्री रस्त्यावरचा धूर तुम्हाला सोसणार नाही. खोली आतल्या अंगणाकडची घ्या आणि बारा वाजता खिडक्या बंद ठेवा.

पैशांच्या बाबतीत मी थोडे कडक बोलणार आहे. हिशेब तुमच्याकडे आहे, पण अंदाजपत्रक कोणाकडेच नाही; आणि ज्याच्या उत्पन्नाचा मार्ग बंद आहे तो मित्र ताकास तूर लागू देत नाही, कारण चौघांच्या ग्रुपवर ‘मला हे झेपणार नाही’ असे लिहिणे कोणालाही अवघड जाते. त्याला ग्रुपवर विचारू नका. तुम्ही एकटीने फोन करा, अठरा दिवसांत विमानभाडे सोडून तो किती खर्च करू शकतो तो आकडा विचारा, आणि तो आकडा ‘आपले सामाईक अंदाजपत्रक’ म्हणून त्याचे नाव न घेता सर्वांपुढे ठेवा. सामाईक खर्च सर्वांत हलक्या खिशाला परवडेल एवढाच असावा. टेक्सासच्या मैत्रिणीला स्वतंत्र खोली, गरम पाण्याचे टब आणि सरोवराकडे उघडणारी गच्ची हवी असेल तर तिने ती अवश्य घ्यावी, पण वरचा फरक तिचा तिने भरावा. ‘राहू दे, मी देते सगळ्यांचे’ हे वाक्य तिने म्हणू नये आणि इतरांनी ऐकून घेऊ नये. ते प्रेमानेच म्हटले जाते, पण चार दिवसांनी कोणते हॉटेल आणि कोणती वाट हे ठरवण्याचा अधिकारही त्याच प्रेमाबरोबर तिच्याकडे गेलेला असतो.

शटल, खोली, नावेचे भाडे आणि वाटाड्या एवढेच वर्गणीतून करा. खाणेपिणे, खरेदी आणि हौस यांना टीटीएमएम. हिशेब रुपयांत किंवा डॉलरांत न ठेवता केत्साल या तिथल्या चलनातच ठेवा. एका डॉलरला पावणेआठच्या आसपास केत्साल असा तो दर बरीच वर्षे फारसा हललेला नाही, म्हणजे आपल्या हिशेबाने एक केत्साल अकरा-बारा रुपयांना पडतो. देणेघेणे दर तिसऱ्या संध्याकाळी रोखीने चुकते करा. शेवटच्या दिवशी विमानतळावर काढलेला हिशेब भांडणाशिवाय मिटल्याचे मी क्वचितच ऐकले आहे. पैसे बँकेच्या आतल्या एटीएममधून दिवसा काढा आणि लांकिनला जाण्यापूर्वी पुरेशी रोकड जवळ ठेवा, कारण तिथे यंत्रावर विसंबण्यात अर्थ नाही.

नोकरी सोडलेल्या मित्रासाठी माझ्या मनात एक जागा आहे, ती म्हणजे सरोवराकाठचे सान पेद्रो ला लागुना. तिथे स्पॅनिश शिकवणाऱ्या अनेक शाळा आहेत. एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, दिवसाला साधारण चार तास, आणि राहणे-जेवणे एखाद्या स्थानिक कुटुंबात, अशी तिथली पद्धत आहे, आणि आंतिग्वापेक्षा तिथे खर्च कमी येतो. त्याने तिथे पाच दिवस काढले तर त्याचा खर्च निम्म्यावर येईल आणि पुढच्या प्रवासात चौघांपैकी एकाला तरी भाव करता येईल, रस्ता विचारता येईल. त्याच दिवसांत इतरांना चिचिकास्तेनांगोचा बाजार करता येईल. तो गुरुवारी आणि रविवारी भरतो, आणि २१ डिसेंबरला तिथल्या ग्रामदैवतासारख्या मानलेल्या संत तोमासचा उत्सव असतो, त्यामुळे तुमच्या तारखा त्याला जुळतात. त्या दिवशी गर्दी प्रचंड असते; सॅक पोटाशी धरा.

आतित्लान हे एका प्राचीन महाज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात साठलेले सरोवर आहे. त्याची खोली तीनशे मीटरहून अधिक आहे आणि दक्षिण काठावर तीन ज्वालामुखी उभे आहेत. गावागावांत जायला रस्त्यापेक्षा नावा सोयीच्या. त्यांना लांचा म्हणतात. सकाळी पाणी स्थिर असते, पण दुपारनंतर शोकोमिल नावाचा वारा सुटतो आणि मग नावेचे नाक दर लाटेवर उचलून आपटते. पुढच्या फळीवर बसलेल्या नवख्या पर्यटकाच्या पाठीचे जे होते ते पाहून मागे बसलेल्या गावच्या बायका एकमेकींकडे पाहून हसतात. तेव्हा मागे बसा, भाडे चढण्यापूर्वी विचारा, आणि अंधार पडण्याआधीच आपल्या गावी परता, कारण सार्वजनिक नावा संध्याकाळी बंद होतात. एका गावाहून दुसऱ्या गावी काठाकाठाने जाणाऱ्या पायवाटा सुंदर असल्या तरी तिथे लुटालुटीचे प्रकार घडलेले आहेत. त्या वाटांवर स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय जाऊ नका.

होंडुरास आणि एल साल्वाडोर तक्त्यातून काढून टाका. हे देश ग्वाटेमाला व निकाराग्वा यांच्यासह नागरिकांच्या मुक्त संचाराच्या एका करारात आहेत म्हणून नकाशावर ते सोपे वाटते, पण भारतीय पासपोर्टवर प्रत्येक सीमेची स्वतंत्र चौकशी करावी लागते आणि प्रत्येक सीमा एक दिवस खाते. तुमच्या मित्राने नकाशावर बोटाने अंतरे मोजली आहेत. ग्वाटेमालातले अंतर किलोमीटरांत मोजून चालत नाही. आंतिग्वाहून लांकिनला जायला आठ तास आणि लांकिनहून फ्लोरेसला जायला पुन्हा तेवढेच तास लागतात, तेही घाटातल्या वळणांवर आणि एखादा ट्रक बंद पडला नाही तर. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी ही आखणी पुण्यात बसून झाली आहे.

माझी सूचना अशी. आधी चार रात्री आंतिग्वात सर्वांनी एकत्र काढाव्यात, मग पाच-सहा रात्री सरोवरावर वेगवेगळ्या, त्यानंतर दोन रात्रींत डोंगरवाल्यांनी डोंगर करावा आणि तुम्ही आंतिग्वा. तिथून पुढे मात्र चौघांनी बरोबरच राहावे. लांकिनजवळचे सेमुक चांपे हे ठिकाण एकत्र पाहण्यासारखे आहे. काहाबोन नदी एका चुनखडीच्या नैसर्गिक पुलाखाली गडप होते आणि त्या सुमारे तीनशे मीटर लांबीच्या पुलावर हिरव्या-निळ्या पाण्याची टाकी पायऱ्यापायऱ्यांनी साचलेली आहेत. लांकिनहून तिथवर पिकअप गाडीच्या मागच्या हौद्यात उभे राहून, वरचा लोखंडी दांडा घट्ट धरून जावे लागते. त्याच बाजूला मेणबत्तीच्या उजेडात पाण्यातून जायची गुहाही दाखवतात. तुम्ही त्यात गेला नाहीत तरी काही बिघडत नाही. हा आल्ता वेरापाझचा भाग वेलदोड्याचा आहे, हे कळल्यावर तुम्हाला गंमत वाटेल. विसाव्या शतकाच्या आरंभी एका जर्मन बागायतदाराने भारतातून आणलेली वेलची इथे अशी रुजली की आज निर्यातीत ग्वाटेमाला जगात पहिला आहे, आणि तिथले लोक मात्र स्वयंपाकात ती जवळजवळ वापरतच नाहीत.

तिकाल या माया लोकांच्या प्राचीन नगरीच्या अवशेषांना दोन रात्री द्या. मुक्काम फ्लोरेसला ठेवून पहाटे निघालात तर दीड तासात पोहोचाल. चौथ्या क्रमांकाचे मंदिर सुमारे ६५ मीटर उंच आहे आणि त्यावर लाकडी जिन्याने चढता येते; वरून झाडांच्या शेंड्यांतून बाहेर आलेले बाकीचे कळस आणि खाली ओरडणारी माकडे, एवढेच दिसते आणि ऐकू येते. परतीला फ्लोरेसहून राजधानीपर्यंत विमान घ्या. रात्रीच्या बसपेक्षा ते महाग पडते, पण सामाईक खर्चात मी ज्या एकाच चैनीला परवानगी देईन ती ही.

सुरक्षिततेचे म्हणाल, तर आईची भीती निराधार नाही, पण ती सर्व देशाला सारखी लागू होत नाही. राजधानीत काहीही पाहण्यासाठी भटकू नका; विमान रात्री उतरत असेल तर विमानतळाजवळच्या तेराव्या झोनमध्ये आधी ठरवलेल्या ठिकाणी झोपा आणि सकाळी आंतिग्वाला निघा. अंधारात रस्त्याने प्रवास करू नका. रंगवलेल्या जुन्या बसगाड्या तुमच्या मित्राला फार खुणावत असतील. त्या अमेरिकेतल्या निवृत्त शाळाबसगाड्या आहेत. दोन मुलांसाठी केलेल्या बाकावर तीन मोठी माणसे बसतात, तिसऱ्याचा अर्धा भाग वाटेत लोंबकळतो, आणि आयुदांते म्हणवला जाणारा मदतनीस चालत्या गाडीच्या टपावरून सामान बांधून मागच्या दारातून आत उतरतो. दिवसा, जवळच्या गावापर्यंत, मौल्यवान वस्तू न घेता एकदा त्यातून जाऊन हौस फेडा. लांबच्या पल्ल्याला शटलच बरी. पर्यटकांच्या मदतीसाठी १५०० हा क्रमांक आहे. तो चौघांच्याही फोनमध्ये ठेवा.

वेगळे होण्याचे नियम लिहून काढा. कुठे आणि किती वाजता भेटायचे, कोणी वेळेवर आले नाही तर किती वेळ थांबायचे आणि मग कोणाला कळवायचे, हे कागदावर असावे. फोनची बॅटरी संपलेली असू शकते, म्हणून मुक्कामाचा पत्ताही प्रत्येकाच्या खिशात कागदावर असावा. राजधानीत, सरोवराच्या पायवाटेवर आणि कोणत्याही डोंगरावर एकट्याने जायचे नाही. आणि सुरक्षिततेच्या प्रश्नावर मतदान नको. चौघांपैकी एकाला जरी एखादी गाडी, वाट किंवा माणूस ठीक वाटला नाही, तर त्याचा शब्द अखेरचा समजावा आणि नंतर त्याची थट्टा करू नये. मैत्री सांभाळायला यापेक्षा उपयोगी दुसरा नियम मला ठाऊक नाही.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, तरीही सांगतो. १९६० ते १९९६ एवढी वर्षे या देशात यादवी चालली. दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली, आणि त्यांत बहुसंख्य माया समाजाची होती. डोंगरातल्या गावांतला परक्यांविषयीचा संकोच त्या आठवणींतून येतो. लहान मुलांचे फोटो काढू नका, त्यांना कडेवर घेऊ नका, गोळ्या वाटू नका. मुले पळवली जात असल्याची अफवा तिथे पुन्हा पुन्हा उठते आणि २००० साली तोदोस सान्तोस कुचुमातान या गावी अशाच अफवेतून जमावाने एका जपानी पर्यटकाचा व त्याच्या बसचालकाचा जीव घेतला. तुमच्या टेक्सासच्या मैत्रिणीच्या हातात कॅमेरा असेल तर हा परिच्छेद तिला वाचून दाखवा. हातमागावरचे कापड विकणाऱ्या बाईला आधी विचारले, एखादी वस्तू घेतली आणि मग फोटो मागितला, तर बहुधा ती हसून होकार देते.

शाकाहाराची तुम्ही फार चिंता करू नका. घेवड्यासारख्या काळ्या दाण्यांची उसळ, अंडी चालत असतील तर अंडी, तळलेली केळी, आव्होकॅडो आणि मक्याच्या गरम तोर्तिया हे कोणत्याही साध्या खाणावळीत मिळते. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका दळून, त्याचा गोळा दोन्ही तळव्यांत टाळ्या वाजवत थापून बाया तोर्तिया भाजतात, आणि तो आवाज ऐकून भाकरीची आठवण न येणारा मराठी माणूस मला भेटायचा आहे. मेख इतकीच की त्या उसळीत बरेचदा डुकराची चरबी असते. ‘सिन मान्तेका’ म्हणजे चरबीशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. नुसते ‘सिन कार्ने’ म्हटले तर ताटात कोंबडी येऊ शकते, कारण तिथे कोंबडीची गणना पुष्कळांच्या लेखी मांसात होत नाही. ‘सिन पोयो’ हेही जोडा. एखाद्या कुटुंबात राहणार असाल तर शाकाहाराबरोबरच स्वयंपाकाला लाकडाची चूल आहे का, हेही आधी विचारा. बंद खोलीतल्या चुलीचा धूर तुम्हाला डोंगरापेक्षा अधिक त्रास देईल.

आईला समजावण्यापेक्षा तिला माहिती द्या. मुक्कामांची यादी फ्रिजवर लावा आणि फोनची वेळ ठरवा. ग्वाटेमाला आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे, म्हणजे तिथले रात्रीचे आठ हे ठाण्याचे सकाळचे साडेसात. लांकिनच्या दोन-तीन दिवसांत फोन लागेलच असे नाही, हे तिला निघण्यापूर्वीच सांगा, म्हणजे त्या दिवसांत ती काळजीने अर्धी होणार नाही.

तिकिटे मात्र अजून काढू नका. ग्वाटेमालाचा दूतावास नवी दिल्लीत आहे. भारतीय पासपोर्टवर व्हिसा कोणाला लागतो आणि अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्याला काय सवलत आहे, हे तिथून लेखी मागवा. अमेरिकेत विमान बदलायचे असेल तर त्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपमार्गे जायचे असेल तर त्या विमानतळाचा नियम पाहा. टेक्सासच्या मैत्रिणीची गोष्ट आणखी नाजूक आहे. ती एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल आणि तिच्या पासपोर्टवरच्या अमेरिकी व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल, तर कॅनडा किंवा मेक्सिकोहून अल्पकाळात परतणाऱ्यांना मिळणारी सूट ग्वाटेमालाहून परतताना मिळत नाही. नवा शिक्का घेतल्याशिवाय तिला विमानात बसता येणार नाही. रोज हॉटेले पाठवण्याच्या भरात तिने तो शिक्का पाहिला आहे का, हे आजच विचारा.

या रविवारी चौघांचा फोन ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत सांगा की तुम्ही आकातेनांगोला येणार नाही, बाकी सर्व ठिकाणी याल, आणि कोणालाही कोणत्याही दिवशी ‘आज मी नाही’ असे कारण न देता म्हणता येईल. त्यावर ते तयार झाले तर तिकिटे काढा. नाहीच झाले, तर सरोवर आणि तिकाल एवढ्याच भागापुरते त्यांना जाऊन मिळा. अर्ध्या प्रवासाला येणारी मैत्रीण त्यांना नको असेल असे मला तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही. इन्हेलर दोन घ्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि दोन्ही हातातल्या पिशवीत ठेवा. शटलच्या टपावर बांधलेली सॅक आठ तास खाली येत नाही.